पूर शाईत, माणसं पेन्सिलीत

दिवाळी अंकाची कथा पावसाळ्यात लिहावी लागते. ऐन आषाढात फराळाच्या वर्णनाची वेळ आली की हसू येतं, पण त्या वर्षी ऋतू माझ्या सोयीचा होता. पानशेतच्या पुरावर दीर्घकथा लिहायची होती. पुण्याच्या नारायण पेठेतला नदीच्या बाजूचा एक वाडा, खालच्या दोन खोल्यांत छापखान्यात खिळे जुळवणारा माणूस, त्याची बायको आणि धाकटा दीर, माडीवर मालकीणबाई.

आराखडा मी जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूंवर केला. कागद जाड, आणि आमच्या घरात त्यांना तोटा नाही. एका पत्रिकेवर एक प्रसंग. नाबोकोव्हने ‘लोलिता’ अशीच कार्डांवर लिहिली. उलट फॉकनरने ‘अ फेबल’चा आराखडा मिसिसिपीतल्या आपल्या घराच्या भिंतीवरच लिहून काढला होता. भाड्याच्या घरात राहणाऱ्याने कुणाचा कित्ता गिरवायचा हे उघड आहे.

पुराच्या कथेत पुष्कळ गोष्टी आधीच ठरलेल्या असतात. तारीख १२ जुलै १९६१, वार बुधवार. आंबी नदीवरचं पानशेतचं धरण अजून पुरं बांधून झालेलं नव्हतं. ते सकाळी फुटलं, त्या लोंढ्यापुढे खालचं खडकवासल्याचं जुनं धरणही टिकलं नाही, आणि मुठेचं पाणी पेठांत शिरलं. ते दिवसाउजेडी आलं. म्हणजे माझं एकही पात्र रात्रीच्या झोपेत वाहून जाऊ शकत नव्हतं. प्रत्येकाला पळायला थोडा का होईना वेळ होता, आणि त्या वेळात कोण काय करतो हीच खरी कथा. या पत्रिका मी शाईने लिहिल्या. बाकी सगळ्या पेन्सिलीने. पेन्सिलीच्या पत्रिकेवर काय घडतं ते लिहायचं नाही, फक्त प्रश्न लिहायचा, असं ठरवलं. ‘जुळारी परत का फिरतो?’ एवढंच.

मनातलं उत्तर होतं, खिळ्यांच्या पेट्या वाचवायला. तो जातो, बुडतो, कथा संपते. पूर शेवटी, असा क्रम लावून मी लिहायला बसले. तिसऱ्या-चौथ्या पानावर नळावरचं एक साधं भांडण आलं. त्यात बायको त्याला म्हणते, “मालकाचे खिळे मोजून घरी येता, घरातलं पीठ कधी मोजलंत?” तो गप्प बसतो. हे वाक्य कुठल्याही पत्रिकेवर नव्हतं. पण ते लिहून झाल्यावर हा माणूस मालकाच्या शिशासाठी जीव देईल, हे मलाच पटेना.

अशा वेळी काही लेखक सांगतात की पात्रंच हाताला धरून पुढे नेतात. माझा त्यावर विश्वास नाही. पात्रं कुठेही नेत नाहीत. आपणच आधी लिहिलेली वाक्यं पुढच्या वाटा बंद करत जातात. आराखडा बदलायचा तो याच कारणासाठी, लहर आली म्हणून नव्हे. मी भांडण खोडून आराखडा वाचवू शकले असते. पण भांडण जिवंत होतं आणि बुडणं नुसतंच योग्य जागी होतं.

जुळारी परत फिरलाच नाही. मग पुराची पत्रिका उचलून मधोमध ठेवली. तारखेला धक्का नाही, कथेतली जागा तेवढी बदलली. त्यासरशी पुढे मोठी मोकळी जागा उरली, आणि जमवून ठेवलेली पण कामाला न आलेली माहिती तिथे बसू लागली. खडकवासलाच गेल्यामुळे पुराने झोडपलेल्या शहरात प्यायच्या पाण्याचे हाल झाले. विसरलेले आड पुन्हा उपसले गेले. पूरग्रस्तांना गोखलेनगरकडे अर्धगोल पत्र्यांच्या घरांत जागा मिळाल्या. पेठेच्या बोळात वाढलेली जुळाऱ्याची बायको त्या उघड्या माळावर येते, तिला शेजारणीचा आवाज भिंतीतून ऐकू येत नाही आणि त्याची चुटपुट लागते. हे आधी ठरवून मला सुचलंच नसतं. मालकीणबाई मात्र पुरानंतर कथेत काही करीनात. त्यांच्या तिन्ही पत्रिका काढून टाकल्या. वाईट वाटलं, कारण त्यांची भाषा मला छान जमली होती.

‘जुळारी परत का फिरतो?’ या पत्रिकेवर आता ‘जुळारी परत फिरला नाही, हे बायकोला खरं वाटतं का?’ असं लिहिलं. शेवट त्याच प्रश्नातून आला.

तेव्हापासून नवी कथा घेताना आधी एवढंच बघते की माझ्या मर्जीने बदलणार नाही असं यात काय आहे. ऐतिहासिक घटना असेल तर तारखा, गावाची कथा असेल तर पिकाचं वेळापत्रक, घरची असेल तर पगार आणि खोल्या किती. तेवढं शाईत. एकदा हौसेने रहस्यकथा लिहायला घेतली तेव्हा मात्र हिशेब उलटा झाला. खुनी, वेळ, किल्ली कुणाकडे, सगळंच शाईत गेलं, आणि पेन्सिलीला इन्स्पेक्टरच्या चहाखेरीज काही उरलं नाही. ती कथा छापून आली, पण लिहिताना मला फारशी मजा आली नाही.