जव्हारची गारगोटी आणि भाचीची अंगठी

गेल्या जानेवारीत दोन दिवसांची रजा टाकून आम्ही जव्हारला गेलो. आमची भाची तिकडे एका आश्रमशाळेत शिक्षिका आहे. तिचा साखरपुडा ठरला होता. मानपान नको, अंगठ्या आपापल्या घरच्या, असे दोन्ही घरांनी ठरवले होते. प्रश्न होता तो भाचीच्या अंगठीचा. तो सोडवायला थोरल्या बहिणीला, म्हणजे भाचीच्या आईला, सोबत घेतले. नालासोपाऱ्याहून गाडीने पालघर गाठले आणि तेथून विक्रमगडमार्गे एसटी धरली.

घाट चढला की हवा बदलते. जव्हार हे मुकणे राजांचे जुने संस्थान. १९४८ साली ते मुंबई राज्यात विलीन झाले. पुढे ठाणे जिल्ह्यात असलेला हा तालुका १ ऑगस्ट २०१४ पासून पालघर जिल्ह्यात आला. जयविलास राजवाडा, हनुमान पॉइंट पाहायला पर्यटक येतात. पण पावसाळ्यात धो धो पाऊस पडणाऱ्या याच जव्हार-मोखाड्यात उन्हाळ्यात बाया डोक्यावर हंडे घेऊन पाण्यासाठी वणवण करतात, हे पर्यटकांना दिसत नाही. आमची भाचीही तिथल्या बायांबरोबर हातपंपावर रांगेत उभी राहते. सकाळी हंडा, दुपारी खडू, संध्याकाळी मातीने भांडी घासणे, असे तिचे हात दिवसभर राबतात.

"मामा, मला रंगीत खड्याची अंगठी हवी," ती म्हणाली. "पण कपाटात ठेवायची नाही, रोज घालायची आहे."

बहिणीने पिशवीतून एक छोटी डबी काढली. तिच्या स्वतःच्या लग्नातली अंगठी होती ती. दुकानदाराने 'माणिक' म्हणून लाल खडा दिला होता. वर्षभरात त्याची चमक गेली, पुढे कडाही झिजल्या. "असं पुन्हा होऊ देऊ नको रे भाऊ," एवढेच ती बोलली. धुणीभांडी करून तिने साठवलेले पैसे एकाच अंगठीचे होते.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघे वीसेक किलोमीटरवरच्या दाभोसा धबधब्याला गेलो. जानेवारीत पाणी थोडेच होते, त्यामुळे काळा कातळ नीट पाहता आला. सह्याद्रीचा हा कातळ साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. लाव्हा थिजताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले. मागाहून त्या पोकळ्यांत खनिजे साचून स्फटिक झाले. आपण त्यांतल्या कठीण दगडाला गार किंवा गारगोटी म्हणतो. सिन्नरला तर अशा खनिजांचे 'गारगोटी' नावाचे संग्रहालयच आहे.

वाटेत एक गारगोटी सापडली. आम्ही बहिणीची परवानगी घेऊन तिचे टोक त्या लाल खड्यावर ओढले. सरळ ओरखडा उठला. खडा माणकाचा असता तर गारगोटीने त्याला काहीच झाले नसते. ती काच होती. बहीण बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "तीस वर्षं काच जपली म्हणायची." चूक तिची नव्हती. विश्वास तिने ठेवला होता, फसवले दुसऱ्याने होते.

वाचक बंधू-भगिनींनो, चांगल्या खड्यावर असा प्रयोग करू नका. त्यामागचा हिशेब मात्र ध्यानात ठेवा. फ्रीडरिश मोस या जर्मन शास्त्रज्ञाने १८१२ साली खनिजांच्या कठीणपणाला एक ते दहा असे क्रमांक दिले. गारगोटीचा क्रमांक सात. रस्त्यावरच्या धुळीत आणि भांडी घासायच्या मातीत गारेचे बारीक कण असतात. म्हणून सातच्या खालचा खडा रोजच्या वापरात हळूहळू धूसर होतो. मोती अडीचच्या आसपास, पोवळे तीन ते चार, काच साडेपाचच्या जवळपास, फिरोजा पाच ते सहा. हे रोजच्या अंगठीचे खडे नव्हेत. माणिक आणि नीलम नऊ, हिरा दहा.

पण नुसता कठीणपणा पुरत नाही, धक्काही सोसला पाहिजे. पाचू साडेसात ते आठ असला तरी त्यात बहुधा बारीक चिरा असतात. त्या तेलाने भरलेल्या असतात, आणि गरम पाण्याने, साबणाने ते तेल निघते. पुष्कराज म्हणून दोन वेगळे दगड विकतात. पिवळा नीलम टिकतो, टोपाझ मात्र आठ क्रमांकाचा असूनही जोराचा फटका बसला तर सरळ चिरतो.

कोणी म्हणेल, राशीचा खडा पाहा. पण मंगळाचे म्हणून दिले जाणारे पोवळे हातपंपाच्या दांड्यापुढे टिकत नाही. दीघनिकायातील ब्रह्मजाल सुत्तात तर रत्नांची लक्षणे सांगून पोट भरणे हीन विद्येत मोडले आहे. खडा राशीला नव्हे, हाताला मानवला पाहिजे.

मग आमच्या ऐपतीत काय बसते? एक, कारखान्यात बनवलेले माणिक. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ व्हर्नोय यांनी १९०२ साली त्याची रीत जाहीर केली. ते खाणीतल्या माणकाइतकेच कठीण आणि पुष्कळ स्वस्त असते. दुसरा अकीक. तो गारगोटीच्याच जातीचा. आतले बारीक तंतू एकमेकांत गुंतलेले असल्यामुळे तो सहसा फुटत नाही. गुजरातेत रतनपूरच्या खाणींतला अकीक खंभातचे कारागीर तापवून लाल करतात आणि घासतात. हडप्पा संस्कृतीचे असे लाल मणी इराकमधल्या उर शहराच्या साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या थडग्यांत सापडले आहेत.

आमच्या नालासोपाऱ्याचाच दाखला घ्या. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींनी सोपाऱ्याचा स्तूप उकरला. दगडी पेटीत एकात एक ठेवलेल्या डब्या निघाल्या. त्यांत एक स्फटिकाची होती, आणि सर्वांत आतल्या सोन्याच्या डबीत भिक्षापात्राचे तुकडे होते. स्फटिक म्हणजे गारगोटीच. हे सांगितले तेव्हा भाची हसून म्हणाली, "मग मला गारगोटीच्या घरातलाच द्या."

परतल्यावर लाल अकीक घेतला. चांदीत, बुटक्या बंद कोंदणात बसवला. नख्यांवर उंच उचललेला खडा कपड्यात अडकतो, नख्या झिजल्या की निसटतो. पावतीवर 'अकीक, तापवून रंग आणलेला' असे स्पष्ट लिहून घेतले. खडा खरा की बनवलेला, रंग मूळचा की दिलेला, हे पावतीवर आलेच पाहिजे. लाजू नका, पैसे आपल्या घामाचे असतात.

साखरपुडा झाला. उरलेल्या पैशांत बहिणीलाही तसलीच अंगठी घेतली. ती नको नको म्हणाली, पण बोटात घातली. मे महिन्यात आम्ही पुन्हा जव्हारला गेलो, तेव्हा भाची हातपंपावर होती. दांडा खालीवर होत होता आणि बोटातला लाल खडा पहिल्या दिवसासारखाच दिसत होता.