समुद्रकांठचे चार दिवस

आमच्या तिसगांवच्या ओढ्यांना पाणी आलेंच, तर तें पूर्वेकडे वाहत जाऊन अखेरीस बंगालच्या उपसागरास मिळतें. अरबी समुद्र त्या मानानें जवळ. पण मध्यें सह्याद्रि उभा. आमच्या वर्गांतील निम्म्याहून अधिक मुलांनीं समुद्र पाहिलेला नव्हता. अशांनीं समुद्रांतील प्राण्यांची गणती आणि त्यांचे रोग शिकावयास निघावें, याचें गांवांत थोडें हंसूं झालें.

सहल माघी अमावास्या धरून निघाली. त्या सुमारास उधाण असतें. भरतीसारखीच ओहोटीही मोठी होते व एरव्हीं पाण्याखालीं राहणारा खडक उघडा पडतो. हरिहरेश्वराच्या खडकाळ किनाऱ्यावर वरपासून पाण्यापर्यंत दोर ताणला. दर पांच मीटरांवर अर्ध्या मीटरची चौकट ठेवावयाची आणि तिच्या आंत जें असेल तें मोजावयाचें: शंख, कालवें, खेकडे, शेवाळ. पहिल्या चौकटींत कांहींच नव्हतें. ती जरा खालीं सरकवावी असें कित्येकांनीं सुचविलें. गुरुजींनीं वहींत शून्य लिहावयास लाविलें. आजची रिकामी जागा लिहून ठेविली नाहीं, तर ती नव्यानें रिकामी झाली कीं आधींपासूनच तशी होती, हें पुढील वर्षीं कोणास कसें कळावें?

नंतर बागमांडल्याहून तरींतून खाडी ओलांडून आम्ही वेळासला गेलों. येथें २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्गमित्र संस्थेनें व ग्रामस्थांनीं ऑलिव्ह रिडले कासवांचीं घरटीं राखलीं आहेत. एका घरट्यांत शंभराच्या आसपास अंडीं असतात. पिलांच्या आशेनें पहांटे निघालों, तों वाळूवर एक मेलेलें कासव दिसलें. १९७२ च्या वन्यजीव कायद्याचें त्यास संरक्षण आहे. म्हणून आम्हीं हात लावावयाचा नव्हता. परवानगी असलेल्या कासवमित्रांनीं पाठीच्या बांकावरून मऊ फीत टाकून लांबी घेतली. अडुसष्ट सेंटिमीटर. एका पुढच्या पायांत जाळ्याचा दोरा रुतला होता. मान व डोळे पाहून 'गांठी नाहींत' असेंही लिहिलें. हिरव्या समुद्रकासवांना होणारा गांठींचा एक रोग १९३८ मध्यें अमेरिकेंत प्रथम वर्णिला गेला; त्याचा संबंध एका विषाणूशीं आहे. गांठी डोळ्यांवर वाढल्या तर कासव आंधळें होऊन उपाशी मरतें. शेवटीं पाठीवर रंगाची रेघ ओढली, म्हणजे मागून येणारा तेंच कासव पुन्हां मोजणार नाहीं.

मृत्यूचें कारण 'अनिश्चित' लिहिलें, तेव्हां आम्ही हटून बसलों. दोरा तर डोळ्यांपुढें होता! कासव फुप्फुसांनीं श्वास घेतें, जाळ्यांत अडकून तें बुडालें असेल, हें खरें. पण आधींच आजारी असलेलें, बुडी न घेतां येणारें कासवही जाळ्यांत सांपडतें. शरीर ताजें असतां उघडून पाहिल्यावांचून निवाडा होत नाहीं, आणि हें कित्येक दिवसांचें होतें.

२०२२ सालीं लम्पीची सांथ आली तेव्हां गाईच्या अंगावरील पहिली गांठ घरांतील लहान पोरानेंही ओळखली. जनावरानें चारा सोडला, कान पाडले, कीं गोठ्यांत कोणाच्या तरी ध्यानांत येतेंच. समुद्रांतील जनावरामागें गुराखी नाहीं. लाट जेवढें बाहेर टाकते तेवढेंच माणसास दिसतें. उरलेलें तळाशीं जातें. शिवाय रोग कोठें जडला, हें कासव जेथें मेलें त्या जागेवरून ठरत नाहीं. २०२१ मध्यें ओडिशांतील गहिरमाथा येथें खुणेचा बिल्ला लाविलेलें एक ऑलिव्ह रिडले जानेवारी २०२५ मध्यें आपल्या गुहागरास अंडीं घालतांना सांपडलें. म्हणजे आमच्या ओढ्याचें पाणी ज्या उपसागरास जातें, तेथूनच तें वळसा घालून आलें होतें!

त्या पहांटेच्या नोंदीची प्रत आणि ती चौकट विज्ञानाच्या खोलींत ठेविली आहे. पालकांनीं अवश्य येऊन पाहावी.