आईलाही पुणे दाखवा

सुगी आटोपली, की दहा-पंधरा जण मिळून एक दिवस पुणे पाहून या. दर खेपेला गुरांपाशी मागं राहणाऱ्या आईलाही न्या. बुधवार टाळा, कात्रजचं प्राणिसंग्रहालय त्या दिवशी बंद असतं.

एसटीनं स्वारगेटला उतरा. तिथून २०२४ पासून जमिनीखालून मेट्रो धावते. पहिलं स्टेशन मंडई, दुसरं कसबा पेठ. तिथून शनिवारवाडा चालत जवळ. परत स्वारगेटला येऊन कात्रजची सिटी बस धरा.

सरकत्या जिन्याला आई बिचकली, तर लिफ्ट आहे. मेट्रोची दारं मात्र आपोआप मिटतात. म्हणून घरीच ठरवा : चुकामूक झाली, तर मागं राहिलेल्यानं तिथंच थांबावं, पुढं गेलेल्यांपैकी एकानं न्यायला परत यावं. एवढं ठरलं, की आई निर्धास्त येईल.