कोडच्या आधी खतावणी

आपल्या मंडळातल्या जवळपास प्रत्येक घरात आता एक तरी सॉफ्टवेअरवाला आहे. बरेच जण पुण्या-बेंगळुरूला गेले, माझ्यासारखे काही बेळगावातच राहिले. मी इथल्या फाउंड्र्या, मशीनशॉप आणि दुकानांसाठी ईआरपी बसवण्याचं काम करतो. ईआरपी म्हणजे खरेदी, विक्री, साठा, पगार आणि हिशेब एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर. या कामात नव्याने येणाऱ्या आपल्या मुलामुलींसाठी काही अनुभवाच्या गोष्टी सांगतो.

पहिला आठवडा लॅपटॉप बंद ठेवा आणि हिशेबनिसांच्या शेजारी बसा. बीईच्या चार वर्षांत आम्हाला डेटाबेस शिकवला. रोजकीर्द आणि खतावणी कुणी शिकवली नाही. नावे आणि जमा यांचा मेळ बसलाच पाहिजे, हा नियम संगणकापेक्षा कितीतरी जुना आहे. तो एकदा अंगात मुरला की ईआरपीचे निम्मे टेबल आपोआप कळतात.

मग गोडाऊनमध्ये जा. फाउंड्रीत कास्टिंग किलोवर विकतात, मशीनशॉपमध्ये तेच नगावर मोजतात. मशीनवर चढवलं की लोखंडाचा कीस निघतो आणि वजन घटतं. ही घट सॉफ्टवेअरमध्ये धरली नाही, तर दर महिन्याला साठा कमी दिसतो आणि मालकाची नजर स्टोअर सांभाळणाऱ्या माणसाकडे वळते. मी हे घडताना पाहिलं आहे. माल कुठेच गेलेला नसतो, पण वीस वर्षं इमानाने काम केलेल्या माणसाला मान खाली घालून उभं राहावं लागतं. आपल्या प्रोग्रामची किंमत कधी कधी अशी दुसराच कुणीतरी मोजतो.

आपल्या सीमाभागात आणखी एक गंमत आहे. बेळगावहून हुबळीला माल विकला तर बिलावर सीजीएसटी आणि एसजीएसटी लागतो. हुबळीपेक्षा कितीतरी जवळ असलेल्या चंदगडला विकला, तर आयजीएसटी. जीएसटी क्रमांक १५ अक्षरांचा असतो. त्यातले पहिले दोन अंक राज्याचे : कर्नाटक २९, महाराष्ट्र २७, गोवा ३०. शेवटचं अक्षर आधीच्या अक्षरांवरून गणित करून काढलेलं असतं. म्हणून क्रमांक टाइप करतानाच तो तपासणारा कोड लिहा. एक अंक चुकला तर समोरच्या व्यापाऱ्याला त्याने भरलेल्या कराची वजावट मिळत नाही, आणि फोन आपल्या गिऱ्हाइकाला येतो.

पैशांची रक्कम कधीही ‘फ्लोट’मध्ये ठेवू नका. संगणकाच्या त्या पद्धतीत ०.१ अधिक ०.२ बरोबर ०.३ होत नाहीत. ‘डेसिमल’ वापरा. पूर्ण रुपयात आणणं प्रत्येक ओळीवर करायचं की बिलाच्या शेवटी, हे हिशेबनिसांना विचारा. स्वतः ठरवू नका.

झालेली नोंद पुसू नका. जुने लोक वहीत खाडाखोड करत नसत, उलट नोंद घालत. कायदाही आता तेच सांगतो. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये कोणी, काय, कधी बदललं याची नोंद राहणं सक्तीचं आहे. गिऱ्हाईक कितीही घाईत असलं, तरी थेट डेटाबेसमध्ये शिरून आकडा बदलायला ठाम नकार द्या.

मूळ सॉफ्टवेअरच्या कोडला हात न लावता आपले बदल वेगळ्या ॲपमध्ये ठेवा, नाहीतर पुढची आवृत्ती आली की सगळं काम पुन्हा करावं लागतं. बॅकअप नुसता घेऊ नका, दुसऱ्या मशीनवर तो उघडतो का तेही पाहा. नवी यंत्रणा शक्यतो १ एप्रिलला सुरू करा आणि पहिला महिना जुनी पद्धतही चालू ठेवा.

सराव करायचा असेल तर मुंबईत तयार झालेलं ईआरपीनेक्स्ट मुक्त स्रोत आहे. घरच्या संगणकावर बसवता येतं. आणि घरात दुकान असेल, काका किंवा आत्या वही लिहीत असतील, तर एक रविवार त्यांच्याजवळ बसा. त्यांचा एका महिन्याचा हिशेब त्यात चढवून बघा. त्यांनी चष्मा लावून तो तपासला आणि मान डोलावली, की तुम्ही या कामाला तयार झालात असं समजा.