तिची वाटी आणि माझे यंत्र

शिवाजी उद्यमनगरातल्या माझ्या लहानशा कारखान्यात चाळीस वर्षे मी ऑइल इंजिनाचे सुटे भाग घडवले. यंत्राचे भय मला कधी वाटले नाही. भय वाटले ते गेल्या वर्षी, वयाच्या ७४व्या वर्षी, स्वतःच्याच घरातल्या स्वयंपाकघराचे.

माझ्या पत्नीला सहा वर्षांपासून कंपवात आहे. प्रथम हात थरथरू लागला, मग पावले अडखळू लागली. एका संध्याकाळी फोडणीचे कढले तिच्या हातून कलंडले आणि मनगटावर भाजले. त्या दिवसापासून तिने ओट्याजवळ जायचे नाही, असा निर्णय आम्ही सर्वांनी मिळून घेतला. तिला कोणी विचारले नाही. स्वयंपाकाला मावशी ठेवल्या. मावशींच्या हाताला चव होती, परंतु त्या कधी आठला येत, कधी साडेनऊला. पुढे पत्नीला गिळताना ठसका लागू लागला. मावशींनी भाकरी दुधात कुस्करून दिली, मी बाजारातले सूप पाण्यात कालवून दिले. ती दोन घास घेई आणि ताट सरकवी. आठ महिन्यांत तिचे वजन सहा किलोंनी उतरले. एकदा ती सहज म्हणाली, “अहो, या घरात मी आता पाहुणी झालेय. ताट येतं, ताट जातं.”

दिवाळीला थोरली लेक आली ती एक भले मोठे खोके घेऊनच. चिरणे, वाटणे, ढवळणे, उकळणे, वाफवणे आणि वजन करणे ही सगळी कामे एकाच भांड्यात करणारे यंत्र. ही कल्पना तशी नवी नव्हे. जर्मनीच्या व्होरवेर्क कंपनीने १९७१ साली ‘थर्मोमिक्स’ बाजारात आणला, तेव्हाच वाटणे आणि शिजवणे एका भांड्यात आले होते. आपल्याकडे साठच्या दशकात सत्यप्रकाश माथुर या अभियंत्याने, परदेशी मिक्सर भारतीय वाटणापुढे हात टेकतो हे घरीच पाहून, ‘सुमीत’ घडवला आणि पाट्या-वरवंट्याचे निम्मे काम हलके केले. आमच्याकडे सुमीत आला तेव्हा माझ्या आईने महिनाभर त्याला हात लावला नव्हता. खोक्याकडे पाहून पत्नीच्या कपाळावर तीच आठी उमटलेली मला दिसली.

नवे यंत्र आले की आधी पायाभरणी पाहायची, ही कारखान्याची सवय. पाणी तापवणारी अशी यंत्रे हजार वॉटपेक्षा पुष्कळ जास्त वीज ओढतात. जुन्या घरांतले पाच-सहा अँपिअरचे प्लग त्यांना पुरत नाहीत. इलेक्ट्रिशियनला बोलावून ओट्यालगत सोळा अँपिअरचा पॉवर प्लग बसवून घेतला. यंत्राची जागा अशी निवडली की वर कपाट नाही, कारण झाकणातून वाफ निघते. आणि उंची कमरेइतकी, म्हणजे भांडे उचलताना माझ्या खांद्यावर ताण येऊ नये. सात-आठ किलोंचे धूड रोज कपाटातून काढायचे ठरवले असते तर ते आठवड्याभरात कपाटातच राहिले असते. पहिल्या दिवशी नुसते पाणी उकळले, दुसऱ्या दिवशीही पाणीच. बटणे, आवाज, शिट्टी आणि झाकणाचा खटका कानाला ओळखीचे झाल्यावरच तिसऱ्या दिवशी मुगाची डाळ आणि तांदूळ आत गेले.

ती खिचडी मी मऊ व्हावी म्हणून शेवटी पात्याच्या पूर्ण वेगाने फिरवली. झाकण उघडले तर आत पुस्तके बांधायची खळ! शिजलेला भात जोराने घुसळला की त्यातला स्टार्च सुटतो आणि चिकट लगदा होतो, हे मला कोण सांगणार? पत्नीने एक घास तोंडात धरला, तो टाळूला चिकटला, आणि ठसक्याने तिचे डोळे पाण्याने भरले. दुसऱ्या दिवशी भांड्यावरची कमाल रेघ ओलांडून दूध भरले; ते उतू जाऊन ओटाभर झाले. माझ्या आत्मविश्वासाची चाळीस वर्षे दोन दिवसांत धुऊन निघाली.

डॉक्टरांनी गिळण्याच्या तक्रारींसाठी ज्या थेरपिस्टकडे पाठवले, त्यांनी मला धीर दिला आणि एक साधी परीक्षा शिकवली. चमचाभर पदार्थ घ्यावा आणि चमचा तिरका करावा. पदार्थ एका गोळ्यात अलगद घसरला पाहिजे. चमच्याला चिकटून बसता कामा नये आणि पाण्यासारखा ओघळताही कामा नये. पातळ पाणी आणि त्यात तरंगणारे डाळीचे दाणे, हे मिश्रण तर तिच्यासाठी सर्वांत वाईट. अन्नाच्या आणि पेयांच्या घट्टपणाच्या शून्य ते सात अशा आंतरराष्ट्रीय पायऱ्या ठरलेल्या आहेत. आपल्या माणसाला यांतली कोणती मानवते, हे तज्ज्ञाकडून तपासून घ्यावे लागते. जेवताना ताठ बसवणे, घास लहान ठेवणे, जेवणानंतर अर्धा तास आडवे होऊ न देणे, हेही त्यांनी बजावले.

आता प्रश्न चवीचा होता. यंत्राबरोबर आलेल्या कृती ग्रॅम आणि मिलिलिटरमध्ये होत्या, आणि आमच्या घरच्या साऱ्या कृती वाटीत. कमलाबाई ओगले यांच्या १९७० साली निघालेल्या ‘रुचिरा’नेही वाटी-चमच्याचे माप लिहूनच घराघरांत जागा मिळवली. पत्नीची वाटी तर लग्नातली, माहेरचे नाव कोरलेली. एका दुपारी मी तिची खुर्ची स्वयंपाकघराच्या दारात आणली, ती वाटी तिच्या हातात दिली आणि म्हटले, “तू भर, मी वजन करतो.” थरथरत्या हाताने तिने तांदूळ भरले, निम्मे सांडले, पुन्हा भरले. तराजूने १३० ग्रॅम दाखवले. मग डाळ, रवा, हुलग्याचे पीठ. तिची ‘सपाट वाटी’ आणि ‘शीग लावून वाटी’ यांत किती फरक असतो, ते मला पन्नास वर्षांनी कळले. आमच्या यंत्राचा तराजू पाच-पाच ग्रॅमने सरकतो, त्यामुळे मिठाला तो निरुपयोगी. मला रक्तदाब, दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ ही जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा. तो आम्ही सकाळीच एका डबीत काढून ठेवतो आणि दिवसभराचे माझे मीठ त्यातूनच पडते.

हिशेबाची एक वही झाली. पहिले पान हुलग्याच्या माडग्याचे. ती सांगे, मी लिही, यंत्र करी. गुठळी होत नाही, तळाला लागत नाही, कारण पाते संथपणे फिरतच असते. गुळ मात्र शेवटी, विस्तव उतरल्यावर. “उतरल्यावर म्हणजे?” असे विचारले, तर ती यंत्राकडे पाहून हसली. “त्याला विस्तव नाही, खरंच की. मग तुमचा तो आकडा सत्तरवर आणा.”

तिच्या औषधाच्या वेळांशी गाठ घालता आली, हा लाभ मी आधी ध्यानातच घेतला नव्हता. लेव्होडोपा आणि अन्नातली प्रथिने शरीरात शिरताना एकाच वाटेवर गर्दी करतात. म्हणून गोळी जेवणाच्या पुरेशी आधी द्या, असे आमच्या डॉक्टरांनी सांगितले होते. मावशींच्या घड्याळावर ते जमत नव्हते. आता साडेसातला गोळी, पावणेआठला यंत्र सुरू, सव्वाआठला वाटी समोर. मावशी येतातच, भाकरी, भाजी आणि माझा झुणका त्यांच्याकडे. यंत्रामुळे कोणाला घरी बसवायचे नव्हते. गॅस आणि कुकरही जागेवर आहेत. ऑगस्ट २०१९च्या पुरात शहराच्या कितीतरी भागांत वीज आणि पाणी नव्हते, ते दिवस कोल्हापूरकर विसरलेले नाहीत.

स्वच्छतेचे काम माझे. पाणी आणि साबणाचा थेंब घालून यंत्र अर्धा मिनिट फिरवतो, मग लांब दांड्याच्या ब्रशने पात्याखालची जागा घासतो. नुसत्या हाताने कधीच नाही. झाकण स्वतःपासून दूर कलते करून उघडतो, म्हणजे वाफ अंगावर येत नाही. शिल्लक राहिलेले दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये. तिच्या आवाक्यात मी पाते ठेवत नाही, बाकी सर्व ठेवतो.

मार्चमध्ये तिने पांढऱ्या रश्शाची इच्छा सांगितली. डॉक्टरांना विचारले, गाळलेला आणि योग्य घट्टपणाचा असेल तर चालेल, म्हणाले. मटणाची आळणी मावशींनी कुकरमध्ये काढून गाळली. खोबरे, तीळ, खसखस आणि काजू यंत्राने गंधासारखे वाटले, ते मी फडक्यातून गाळून आळणीत मिसळले. नारळाचे दूध उकळीला आले की फाटते. म्हणून आकडा नव्वदच्या पुढे जाऊ दिला नाही. या आजारात वास जातो, तिचाही गेला आहे. सारे घर दरवळत होते आणि ती खुर्चीत बसून मलाच विचारत होती, “बुडबुडे मोठे की बारीक? कडेला तेल दिसतंय का? आवाज कसा येतोय?” मी जमेल तसे वर्णन करत होतो. शेवटी म्हणाली, “तुम्हांला नाही सांगता येणार. मला उठवा.”

हात धरून तिला ओट्याशी नेले. झाकण माझ्या बाजूने कलते केले. तिने वाकून पाहिले, बराच वेळ पाहिले. “पाव चमचा वेलदोड्याची पूड. आणि आता बंद करा, नाहीतर फाटेल.” मी चमचा बुडवून तिरका केला. रस्सा एका गोळ्यात अलगद घसरला. तिने तोच चमचा माझ्या हातातून घेतला.