व्हिडिओ गावात आला, प्रयोगशाळा कधी येणार?



मोबाइल आला, व्हिडिओ फुकट झाले, म्हणजे शिक्षण सर्वांना मिळाले, असे म्हणणारे आपल्या चळवळीतही वाढले आहेत. मी केनवडला दर रविवारी चार-पाच कामगार मुलांना हेच व्हिडिओ दाखवून इलेक्ट्रिकल शिकवतो. म्हणून या दाव्यावर बोलायला हवे.

आयआयटीच्या प्राध्यापकांची व्याख्याने एनपीटीईएलवर मोफत आहेत. २००३ पासूनचा हा प्रकल्प, आणि तो चांगलाच आहे. आमच्यातला एक कंत्राटी वायरमन दहा एचपीच्या मोटारीला स्टार-डेल्टा स्टार्टर डोळे मिटून जोडतो. पण आधी स्टार का, हे त्याला कुणी सांगितलेच नव्हते. व्याख्यान इंग्रजीत, म्हणून दर दोन मिनिटांनी थांबवून मी मराठीत सांगतो. ४१५ व्होल्टला १.७३२ ने भाग, २४० येतात. स्टारमध्ये प्रत्येक वाइंडिंगला तेवढेच मिळतात, म्हणून सुरू होताना लाइनमधला करंट एक तृतीयांशावर येतो. "म्हणजे लाइन दचकत नाही ते याच्यामुळं!" तो म्हणाला. हे दोन्ही आकडे त्याने मीटरवर हजारदा पाहिलेले. काम एकाच्या हाती आणि कारण दुसऱ्याच्या डोक्यात, ही वाटणी जातीनेच केलेली आहे. व्हिडिओ ती थोडी मोडतो.

पण त्याला इंजिनिअर करत नाही. दूरशिक्षणाने दिलेल्या अभियांत्रिकी पदव्यांचे काय झाले ते आठवा. ३ नोव्हेंबर २०१७ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने चार अभिमत विद्यापीठांच्या अशा पदव्या काही स्थगित, काही रद्द केल्या. प्रात्यक्षिकाशिवाय अभियांत्रिकी नाही, हा मुद्दा मला मान्य आहे. भरडले गेले ते मात्र फी भरणारे नोकरदार. पुढे एआयसीटीईने नोकरदारांसाठी सोयीच्या वेळेचे वर्ग मंजूर केले. त्याला वर्षभराच्या अनुभवाची अट. ठेकेदार ज्याला हजेरीपत्रकावरही धरत नाही, त्याने अनुभवपत्र आणायचे कुठून?

बाबासाहेबांनी १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ कॉलेज काढले, तेव्हा नोकरी करणाऱ्या मुलांसाठी वर्ग सकाळी भरवले. कॉलेजचे घड्याळ विद्यार्थ्याच्या ड्यूटीप्रमाणे लावले! आज सरकारी आयटीआय आणि तंत्रनिकेतनांतली यंत्रे रविवारी कुलपात असतात, आणि आमच्या मुलांना सुट्टी असते ती रविवारीच.

आमच्या अर्जात तीन गोष्टी आहेत: रविवारी प्रयोगशाळा उघडा, प्रात्यक्षिक मराठीत घ्या, कंत्राटी कामाचा अनुभव धरा. अर्ज विहारात ठेवला आहे. रिसोड, मालेगावकडच्या मित्रांनी सही करताना आपण काय काम करतो तेही लिहावे.