दाखला

आमच्या थोरल्या बंधूंच्या ज्या अपत्यास आम्ही वीस वर्षे पुतण्या म्हणत आलो, ती वस्तुतः कन्या होय, हे तिनेच सांगितले तेव्हा आम्ही निरुत्तर झालो. आपले लिंग आपण सांगण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ रोजीच मान्य केला होता. २०१९ च्या कायद्यान्वये तिने २०२२ साली पुण्याच्या जिल्हाधिकाऱ्यांकडून ‘तृतीयपंथी’ असा दाखला मिळविला. त्यास प्रतिज्ञापत्र पुरले. ‘स्त्री’ अशा नोंदीस मात्र शस्त्रक्रियेचे प्रमाणपत्र हवे होते. आधारपत्र पालटले, पण आमची जीभ पालटेना. पुढल्या चैत्रगौरीस चौथी शिकलेल्या मातोश्रींनी “ये पोरी” म्हणून तिला कुंकू लाविले. त्यांनी कसलाच कागद मागितला नाही. आम्ही पदवीधर खाली मान घालून उभे होतो.